प्रीअँप घेण्याआधी एकदा पंखा बंद करून बघा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. फ्लॅटमधल्या दहा बाय अकराच्या खोलीत त्या ऑडिओबुकसाठी वाचन करतात, अधूनमधून बाबांची पेटी आणि गाणंही रेकॉर्ड करतात. माइक शुअर एसएम७बी, इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारं खोकं, फोकसराइट स्कार्लेट २आय२, तिसऱ्या पिढीचा. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं बटण, शेवटपर्यंत फिरवला तरी लेव्हल खालीच राहते आणि सॉफ्टवेअरमध्ये वर उचलली की मागे 'स्स्स' ऐकू येतं. दोन प्रकरणं त्यापायी परत आली. हाताशी पंचवीस हजार आहेत. दुकानदार म्हणतो, ट्यूबचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायची तसली काचेची नळी असलेला प्रीअँप घ्या, सूं जाईल आणि आवाजही भरदार होईल. तर कुठला घ्यावा?

ताई, सध्या कुठलाच घेऊ नका. ट्यूबचा तर नकोच. असं तोडून सांगितलं की राग येतो, म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो. हिशेब पाचवीच्या बेरीज-वजाबाकीचा आहे, फक्त तो कुणी करून दाखवत नाही.

प्रीअँपचं काम एवढंच की माइकमधून येणारा इवलासा सिग्नल हजार-दोन हजार पटींनी मोठा करायचा आणि ते करताना स्वतःची खरखर कमीत कमी मिसळायची. इवलासा म्हणजे किती? माणूस साधं बोलतो तेव्हा एक मीटरवर साधारण ६० डीबी भरतात. तोंडापासून ३० सेंटिमीटरवर ७०, १५ सेंटिमीटरवर ७६. एसएम७बी ९४ डीबीच्या आवाजाला १.१२ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १५ सेंटिमीटरवरून तुम्ही वाचता तेव्हा तारेतून ०.१४ मिलिव्होल्टच्या आसपास काहीतरी येत असतं. रोडचा एनटी१-ए हा कंडेन्सर, म्हणजे विजेवर चालणारा जास्त संवेदनशील माइक त्याच जागी ठेवला तर तीन मिलिव्होल्टच्या वर देईल. वीस पटींहून जास्त फरक. गेनचं बटण शेवटाला टेकतं त्यामागे तुमच्या इंटरफेसचा दोष कमी आणि माइकचा स्वभाव जास्त आहे. शुअर स्वतःच या माइकला किमान ६० डीबी गेन हवा म्हणते, तुमच्या २आय२ मध्ये ५६ आहे. तेव्हा तुमची तक्रार अगदीच निराधार नाही.

आता सूं. २आय२ चा प्रीअँप जी खरखर घालतो तिचा छापील आकडा उणे १२८ डीबीयू (तारेतला सिग्नल मोजायचं माप, आकडा जितका खाली तितकी खरखर कमी). या आकड्याने सगळेच गोंधळतात, म्हणून मी तो नेहमी खोलीतल्या आवाजाच्या भाषेत आणतो. तुमच्या माइकपुढे ही खरखर म्हणजे खोलीत २३ डीबीचा आवाज सतत चालू असल्यासारखं. आणि खोली स्वतः किती आवाज करते? माझ्याकडे रात्री दोन वाजता, पंखा बंद, फ्रिज बंद, अशा वेळी मीटर ३० च्या खाली क्वचित जातो. पंखा तीनवर लावला की ४५. म्हणजे प्रीअँप खोलीच्या मागे कुठेतरी हळूच कुजबुजतोय आणि आपण पंचवीस हजार घेऊन त्याचंच तोंड बंद करायला निघालोय.

आता हे प्रकरणाच्या फाइलीवर उतरवू. ऑडिबलसाठी ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या एसीएक्सची मापं अशी आहेत, डीबीत, शून्य म्हणजे फाइलीत मावेल तो सगळ्यात मोठा आवाज: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८, शिखर उणे ३ च्या वर नको, आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली हवा. तुमच्या प्रकाशकाची मापं थोडी वेगळी असतील, पण ही पाळली तर सहसा कुठे अडत नाही. समजा वाचनाची सरासरी तुम्ही उणे २० वर आणली. १५ सेंटिमीटरवरून वाचलं तर प्रीअँपची खरखर उणे ७३ वर बसते, शांत खोली उणे ६६ वर आणि पंखा उणे ५१ वर. तेच ३० सेंटिमीटरवरून वाचलं की प्रीअँप उणे ६७, शांत खोली बरोबर उणे ६० च्या काठावर, आणि पंखा उणे ४५. हे आकडे ढोबळ आहेत, दोन-चार डीबी इकडेतिकडे होतील, पण कोण पास होतंय आणि कोण नापास ते दिसलं ना? दोन्ही अंतरांवर प्रीअँप पास आहे. नापास होतोय तो पंखा, आणि काठावर बसलंय ते अंतर.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. माइक तोंडापासून एक वीत नको, अर्धी वीत ठेवा, जरा बाजूला तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' थेट त्यावर आदळणार नाहीत. या माइकची रेडिओवाल्यांमध्ये ख्याती झाली ती तो असा तोंडाशी घेऊन बोलतात म्हणून. फार जवळ गेलात की आवाज गुबगुबीत होतो. त्यासाठी माइकच्या पाठीला बास कापायचं बटण आहे, ते लावा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानातून १५० ओहमचा एक रेझिस्टर आणि एक मेल एक्सएलआर कनेक्टर (माइकच्या केबलचा तीन पिनांचा) आणा. पुण्यात असता तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला पाठवलं असतं. तो रेझिस्टर कनेक्टरच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांना सोल्डर करा. जमत नसेल तर टीव्ही दुरुस्त करणारा माणूस चहा होईपर्यंत करून देईल. हा तुमचा 'मुका माइक'. विजेच्या दृष्टीने प्रीअँपला तो माइकसारखाच दिसतो, पण त्याला कान नाहीत. आता गेन रोजच्या जागी ठेवून, फँटम (इंटरफेसमधून माइकच्या तारेत जाणारी ४८ व्होल्टची वीज) बंद करून, तीन फाइली करा, प्रत्येकी वीस सेकंदांच्या: पहिली मुका माइक लावून, दुसरी एसएम७बी लावून पंखा बंद, तिसरी पंखा चालू. तिन्हीवेळा तुम्ही गप्प. मग तिन्हींची आरएमएस, म्हणजे सरासरी पातळी सॉफ्टवेअरमध्ये मोजा. पहिली आणि दुसरी यांत सहा डीबी किंवा जास्त फरक निघाला तर तुमची खरखर खोलीची आहे, जगातला कुठलाही प्रीअँप ती घालवणार नाही. दोन्ही जवळपास सारख्या निघाल्या तरच पुढे खरेदीची गोष्ट करू. सोल्डरिंगची भानगड नकोच असेल तर एसएम७बी गोधडीत गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेवा, दार लावा आणि रेकॉर्ड करा. शास्त्रशुद्ध नाही, पण कळायचं ते कळतं. मात्र केबल नुसती मोकळी सोडून मोजू नका. मोकळ्या इनपुटला खरखर उलट वाढते आणि बिचाऱ्या इंटरफेसवर नसता आळ येतो.

लेव्हल खाली राहते हे दुखणंही वाटतं तेवढं मोठं नाही. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय ना? मग शिखरं उणे १५-१८ ला पोचली तरी पुरे. लाल दिव्याच्या जवळ नेलं की आवाज दमदार येतो हा टेपच्या काळातला समज आहे, तेव्हा टेपची स्वतःचीच सूं एवढी असायची की त्यात तथ्य होतं. आता नंतर सॉफ्टवेअरमध्ये दहा डीबी वाढवलं तर आवाज आणि खरखर दोन्ही दहानेच वाढतात. प्रीअँपमध्ये वाढवलं असतं तरी दोन्ही तेवढीच वाढली असती. एकच करा, गेन अगदी शेवटाला टेकवू नका. बऱ्याच स्वस्त इंटरफेसमध्ये बटणाच्या शेवटच्या तुकड्यात गेन एकदम उडी मारतो आणि तिथे काटा नीट धरता येत नाही.

जरा वेगळं, पण आपल्याकडच्या घरांत हे हटकून होतं म्हणून सांगतो. तुमची सूं 'स्स्स' आहे की 'घूं' आहे की 'झर्रर्र'? तीन निरनिराळे रोग आहेत. एकदा माझ्याकडे एका अभंगाच्या रेकॉर्डिंगला हेडफोनमध्ये बारीक झर्रर्र यायला लागलं. केबल बदलली, माइक बदलला, दुसरा इंटरफेस आणला, गायक तासभर चहा पीत बसले. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर चाललेला, आणि हेडफोनमध्ये एकदम शांत. चार्जर! दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला चार्जर. त्या दिवशी अख्खा अभंग अंधारात, बॅटरीवर रेकॉर्ड केला. तेव्हापासून माझी पहिली तपासणी तीच असते, चार्जर काढून ऐकायचं. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मंद करायचे दिवे, चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर हे बाकीचे नेहमीचे संशयित. पंखा बंद केला तर दोन्ही दुखणी एकदम जातात, वाऱ्याचं आणि रेग्युलेटरचं. 'घूं' असेल तर ती ५० हर्ट्झची किंवा तिच्या दुपटीतली, म्हणजे केबलचं शील्ड तुटलंय किंवा घरातलं अर्थिंग नुसतं नावाला आहे. इलेक्ट्रिशियन बोलवा. काहीजण घूं घालवायला प्लगची अर्थची पिन तोडतात, ते मात्र चुकूनही करू नका. तिकडे जिवाशी खेळ आहे.

दुकानदाराच्या ट्यूबकडे येतो. खऱ्या ट्यूबच्या प्रीअँपमध्ये १२एएक्स७ सारख्या ट्यूबला अडीचशे-तीनशे व्होल्ट लागतात, ते उभे करायला जड ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याचे पैसे पडतात. स्वस्त खोक्यांत हीच ट्यूब फार कमी व्होल्टवर अर्धपोटी चालवतात. गेनचं खरं काम आतली चिप करते, ट्यूब फक्त थोडी विकृती मिसळते, जी आपल्याला कधी आवडते, कधी नाही. मी सुरुवातीला असं एक खोकं हौसेने घेतलं होतं. जाळीमागे ट्यूब छान नारंगी पेटायची. एकदा ती बदलायला झाकण उघडलं तर मागे नारंगी एलईडी! ट्यूबचा स्वतःचा उजेड जेमतेम दिसेल एवढा, बाकी सगळी रोषणाई. आवाज वाईट नव्हता, पण सूं मात्र साध्या इंटरफेसपेक्षा जास्त होती. वाचनाच्या कामात ट्यूबने सूं जाणं सोडा, आहे त्यात भर पडण्याची शक्यता अधिक.

आणि सूं कमी होऊन होऊन किती होणार, यालाही निसर्गाने मर्यादा घातलीय. १५० ओहमचा कुठलाही रोध, मग तो माइकच्या आतला का असेना, उष्णतेमुळे स्वतःच थोडी खरखर करतो. ती उणे १३१ डीबीयूच्या आसपास येते, आणि छापील आकडे ज्या ए-वेटिंगने, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी मोजून देतात त्या हिशेबात उणे १३३. त्याखाली कुणाचाच प्रीअँप जाऊ शकत नाही, त्याची किंमत दोन लाख का असेना. तुमचा आहे उणे १२८. म्हणजे मिळवण्यासारखे उरले पाच डीबी, तेही कागदावर. तुमच्या खोलीतला पंखा एकटा पंधरा खातो.

बाजारातले स्वस्त आणि मध्यम प्रीअँप एकमेकांच्या इतके जवळ का असतात तेही यातच आलं. बरीच यंत्रं उघडली की आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयएनए२१७ किंवा दॅट कंपनीची १५१० अशी एखादी चिप निघते. काही कंपन्या वेगळे ट्रान्झिस्टर जोडून आपला आराखडा बनवतात. पण पूर्ण गेनवर मोजलं तर या सगळ्यांचे आकडे दोन-तीन डीबीच्या पट्ट्यात सापडतात. मोटू एम२ उणे १२९ सांगतं, एसएसएल २ उणे १३०.५. हे दोन-तीन डीबी कानाला कळायचे तर खोली थडग्यासारखी शांत हवी.

मग मधल्या छोट्या बूस्टरचं काय, हे तुम्ही विचारणारच. क्लाउडलिफ्टर, फेटहेड, एसईचा डायनामाइट, असे बूस्टर मिळतात. माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये बसतात, इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटमवर चालतात, २५ ते २८ डीबी देतात आणि फँटम पुढे माइकपर्यंत जाऊ देत नाहीत. ज्याच्याकडे जुना इंटरफेस आहे, चाळीस-पन्नास डीबीच गेन आणि तोही खरखरीत, त्याच्यासाठी हा पैसा सत्कारणी लागतो. मी स्वतः दोन ठेवलेत, कीर्तनकारांकडे जाऊन त्यांच्याच मिक्सरमधून काम करायची वेळ आली की लागतात. तुमच्या बाबतीत गेनचं बटण मधोमध येईल, हाताला बरं वाटेल, सूं दोन-तीन डीबी कमी होईल. मुक्या माइकच्या परीक्षेत खोली पास झाली आणि इंटरफेस नापास झाला, तरच घ्या. तिन्हींतला कुठलाही चालेल, फेटहेड नाहीतर डायनामाइट थेट माइकच्या बुडाला बसतो म्हणजे एक केबल वाचते. कंडेन्सर माइकला मात्र हे लावायचे नसतात.

आणि समजा हट्टाने वेगळा प्रीअँप आणलाच, तर निदान जोडणीत फसू नका. मागून निघालेली एक्सएलआर केबल इंटरफेसच्या पुढच्या भोकात खुपसली की सिग्नल परत इंटरफेसच्या माइक प्रीअँपमधूनच जातो. म्हणजे दोन प्रीअँप, एकापुढे एक, आणि नव्याची सगळी मजा जुन्याने खाल्लेली. क्वार्टर इंचाची टीआरएस केबल (जाड हेडफोनसारख्या पिनेची) वापरून लाइन इनपुटला जोडायचं, गिटारसाठीचं 'इन्स्ट' बटण बंद, इंटरफेसचा गेन अगदी खाली. आठ-दहा जणांच्या घरी तरी मी ही केबल बदलून दिली आहे, आणि त्यातले निम्मे म्हणत होते की नव्या प्रीअँपने आवाजात जादू झाली.

आवाजाला रंग देणारे प्रीअँपही असतात. निव्हचं १०७३ हे १९७० चं गाजलेलं प्रीअँप मॉड्यूल, त्याच्या धर्तीवरचे गोल्डन एजचे आणि वॉर्म ऑडिओचे प्रीअँप मिळतात. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो, जोरात चालवला की आवाजाला एक जाड किनार येते. गाण्याला, ढोलाला, बास गिटारला मला ती आवडते. दहा तासांच्या कादंबरीला ती किनार कशाला? ऐकणाऱ्याला शब्द हवेत.

आता बाबांची पेटी, कारण खरी अडचण मला तिथे दिसते आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. पेटी तोंडाशी धरता येत नाही. माइक दोन-तीन फूट लांब जातो, आणि तिथे एसएम७बी सारखा कमी बोलणारा माइक खरंच हात टेकतो. मंद सुरांना, स्वर विरत जाताना, प्रीअँपची सूं उघडी पडते. इथे प्रीअँप नव्हे, माइक बदला. एनटी१-ए ची स्वतःची खरखर ५ डीबी आणि देतो २५ मिलिव्होल्ट, म्हणजे तुमच्या आहे त्याच २आय२ चा गेन निम्म्यावर येईल आणि प्रीअँपची खरखर हिशेबातूनच निघून जाईल. माइक पेटीच्या वर, समोरून, सुरांच्या पट्ट्यांकडे बघणारा ठेवा. मागून ठेवलात की भात्याचा फसफस आणि बाबांच्या डाव्या हाताची ठकठक दोन्ही येतात. हा माइक खोलीही जास्त ऐकतो, म्हणून वाचनासाठी मात्र एसएम७बीच राहू द्या.

बाबांबरोबर तबलजी यायला लागले, मागे तंबोरा आला, टाळ आला, तर वेगळ्या प्रीअँपचं खरं कारण तिथे आहे: वाटा, म्हणजे माइक जोडायच्या जागा कमी पडतात. बेहरिंगरच्या एडीए८२०० सारखं आठ वाटांचं खोकं एडॅटच्या, म्हणजे एकाच तारेतून आठ वाटा नेणाऱ्या डिजिटल जोडणीच्या ऑप्टिकल केबलने जोडता येतं. ४८ किलोहर्ट्झला आठही वाटा मिळतात. मात्र इंटरफेसला एडॅट इनपुट लागतं, २आय२ ला ते नाही, ऑडिएंटच्या आयडी१४ ला आहे. जोडल्यावर इंटरफेसचं घड्याळ बाहेरच्या खोक्यावर लावायला विसरू नका, नाहीतर दर काही सेकंदांनी 'टक' असा आवाज येतो आणि माणूस तबलजीवर संशय घेत बसतो.

तुमचे पंचवीस हजार माझे असते तर आधी शंभरभर रुपयांचा मुका माइक. मग दोन जाड रजया आणि जुनं कपड्यांचं स्टँड, खुर्चीच्या मागे आणि डाव्या-उजव्या बाजूला. वाचणाऱ्याच्या मागची भिंत मोकळी असते तिथूनच आवाज परत माइकमध्ये येतो. चांगल्या कनेक्टरची एक नवी केबल. पेटीचं काम नियमित असेल तर कंडेन्सर माइक, बिलावर, वॉरंटीसह. परदेशातून कुणाबरोबर मागवलेला स्वस्त पडतो, पण बिघडला की इकडे कुणी हात लावत नाही. रेकॉर्डिंगची वेळ रात्री साडेदहानंतर. नाशकात उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नाही हे मला कळतं, मीही वीस मिनिटं वाचून घेतो, मग पंखा लावून पाच मिनिटं घाम पुसतो.

तीन फाइलींचे तीन आकडे काढा आणि परत आलेल्या प्रकरणांपैकी एकाच्या शांत जागेचा चौथा. ते चार आकडे मला कळवा. त्यातून बूस्टर लागेलसं दिसलं तर कुठला ते तेव्हा सांगतो.